बाळंतिणीचा ताप कोणत्या रकान्यात?

समजा, वर्ध्याजवळच्या पवनारच्या पाच जणींची बाळंतपणे एकाच महिन्यात झाली. पहिलीची पाणमोट फुटून दिवस उलटला तरी कळा धड येत नव्हत्या. त्यातच तिला हुडहुडी भरून ताप आला आणि पाण्याला घाण वास येऊ लागला. दुसरीचे सिझर झाले, चौथ्या दिवशी टाके पिकले आणि अंग तापले. तिसरी घरी जाऊन आठ दिवस झाले होते. एका स्तनात गाठ, ठणका, पू आणि ताप. चौथीला बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी ताप चढला. लघवी तपासली, रक्त तपासले, कारण काही सापडले नाही. औषधांनी ताप उतरला आणि ती घरी गेली. पाचवीला ताप आलाच नाही. लेबर रूममध्ये तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन चाचणी केली, तेव्हा सिफिलिसची खूण निघाली.

घरातल्या जाणत्या बायांच्या लेखी पहिल्या चौघींचे दुखणे एकच, बाळंतिणीला ताप भरला. पाचवी तर त्यांच्या दृष्टीने ठणठणीत. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात मात्र पहिल्या चौघींच्या केस पेपरवर ओ४१.१, ओ८६.०, ओ९१.१ आणि ओ८६.४ असे चार निरनिराळे कोड पडतात, आणि पाचवीच्या कागदावर तर दोन: ओ९८.१ आणि ए५३.०. ताप सारखा असताना कोड वेगळे का, आणि तापच नसलेलीला दोन कोड का?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर आपल्या जिल्ह्यात, राज्यात आणि देशात बाळंतपणात आया कशाने आजारी पडतात आणि कशाने दगावतात हे मोजतात कसे, तेही समजते. आणि त्या मोजणीतून काही जणी निसटतात कशा, हेही.

आजाराचा सातबारा

जगभरची रुग्णालये आजारांची नोंद ज्या यादीनुसार करतात, तिला आयसीडी म्हणतात. म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. तिची सुरुवात मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाली. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्तियों यांनी १८९३ मध्ये ती मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी आपल्याकडे घेतली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारही आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. भारतात मृत्यूच्या कारणांची वैद्यकीय नोंद याच आयसीडी-१० नुसार वर्गीकृत होते.

कोडची बांधणी ओळखायला सातबारा उपयोगी पडतो. सातबाऱ्यावर आधी गाव असते, मग गट नंबर, मग पोटहिस्सा. कोडमध्ये पहिले इंग्रजी अक्षर हे गाव, पुढचे दोन आकडे हा गट, आणि टिंबानंतरचा आकडा हा पोटहिस्सा. गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस यांचे गाव ‘ओ’. हे अक्षर आहे, शून्य नव्हे. संगणकात भरताना एवढे सांभाळावे लागते. या गावातला ८६ हा गट बाळंतपणानंतरच्या संसर्गांचा. त्यातला शून्याचा पोटहिस्सा शस्त्रक्रियेच्या जखमेचा, दोनचा मूत्रमार्गाचा, चारचा कारण न कळलेल्या तापाचा. दुसरीचे टाके पिकले म्हणून ती ओ८६.० मध्ये गेली आणि चौथीच्या तापाचे मूळ सापडले नाही म्हणून ती ओ८६.४ मध्ये.

कोड लिहिणारा रेकॉर्ड विभागातला कर्मचारी बाळंतिणीला पाहत नाही, कागद पाहतो. डॉक्टरने जे लिहिले असेल त्यालाच तो कोड देऊ शकतो. स्वतःच्या अंदाजाने निदान जोडायचा त्याला अधिकार नाही. म्हणून जखमेतून पू येत असूनही केस पेपरवर नुसते ‘ताप’ लिहिले, तर दुसरीही चौथीच्या शेजारी जाऊन बसते. वर्षअखेरीस ‘सिझरच्या किती जखमा पिकल्या?’ असे कोणी विचारले की त्या मोजणीत ती नसते. शस्त्रक्रियागृहात निर्जंतुकीकरणाचे काही बिघडले असेल तर ते दाखवून देणारा एक आकडा तिथे कमी पडलेला असतो.

आधी, दरम्यान की नंतर?

बाळंतपणाच्या संसर्गाला कोड देताना पहिला प्रश्न वेळेचा. तोच जंतू, तोच अवयव, पण दिवस बदलला की गट बदलतो.

लघवीचा संसर्ग घ्या. गरोदरपणात झाला तर ओ२३. तोच बाळंतपणानंतर झाला तर ओ८६.२. बाळाभोवतीच्या पाण्याला आणि पडद्यांना संसर्ग झाला तर ओ४१.१, आपल्या पहिलीचा हाच. कळा सुरू असताना ताप आला आणि तो कशाचा हे ठरले नाही, तर ओ७५.२. कळांच्याच काळात संसर्ग रक्तात पसरला तर ओ७५.३. बाळंतपणानंतर गर्भाशयात सुरू झालेला संसर्ग अंगभर पसरला तर ओ८५, म्हणजेच जुन्या वैद्यकातला सूतिकाज्वर. स्तनात पू झाला तर ओ९१.१.

वेळेवर एवढा भर का? कारण वेळेवरून संसर्ग कुठून शिरला याचा माग लागतो. पाणमोट फुटल्यावर बाळाभोवतीचे कवच उघडे पडते आणि योनिमार्गातले जंतू वर चढू शकतात. जितका वेळ जाईल आणि जितक्या वेळा आतून तपासणी होईल, तितका धोका वाढतो. ओ४१.१ ची संख्या वाढलेली दिसली तर लेबर रूममधली ही प्रतीक्षा आणि तपासण्या पाहायला हव्यात. ओ८६.० वाढला तर शस्त्रक्रियेची खोली, हात आणि टाके. ओ९१ वाढला तर घरी गेलेल्या बाळंतिणीला बाळ छातीशी कसे धरायचे हे कोणी दाखवले होते का, हे.

अशा मोजणीने एकदा इतिहास बदलला आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. मृत्यूंच्या नोंदवह्या समोर ठेवल्यावर दिसले की विद्यार्थ्यांच्या विभागात सूतिकाज्वराने कितीतरी जास्त बाया मरत होत्या. डॉ. इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले की शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागत आहेत. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. या तापाचे जंतू तेव्हा कोणी दाखवलेले नव्हते. दोन विभागांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले होते, एवढ्यावर हे हाती लागले.

बाळंतपणाने दिलेला की आईबरोबर आलेला?

दुसरा प्रश्न पाचवीच्या निमित्ताने येतो. तिचा सिफिलिस बाळंतपणाने झालेला नाही. तो आधीपासून अंगात होता, कळांच्या वेळी फक्त सापडला. असे कितीतरी संसर्ग आहेत: क्षयरोग, हिपॅटायटिस-बी, मलेरिया, एचआयव्ही. त्यांची स्वतःची गावे यादीत दुसरीकडे आहेत, ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांखाली. मग गरोदर बाईचा मलेरिया कुठे लिहायचा?

यासाठी ओ९८ हा गट आहे. इतरत्र वर्ग असलेले, पण गरोदरपणात किंवा बाळंतपणात गुंतागुंत करणारे संसर्ग या गटात येतात. ओ९८.० क्षयरोगाचा, ओ९८.१ सिफिलिसचा, ओ९८.४ विषाणूंनी होणाऱ्या काविळीचा, ओ९८.६ मलेरियासारख्या आजारांचा. आधी ओ९८ मधला कोड लिहायचा, कारण आजार आईचा आहे हे महत्त्वाचे. मग नेमका रोग सांगणारा दुसरा. म्हणून पाचवीला ओ९८.१ बरोबर ए५३.० मिळाला. हा दुसरा कोड सांगतो की सिफिलिस सुप्त आहे, लक्षणे नाहीत, रक्ताची चाचणी तेवढी होकारार्थी आहे. दीर्घकाळचा हिपॅटायटिस-बी असेल तर ओ९८.४ बरोबर बी१८.१ येतो.

एचआयव्हीच्या बाबतीत यादी आणखी बारकाईने वागते. विषाणू अंगात आहे पण आजाराची लक्षणे नाहीत, अशा बाईला आयसीडी-१० मध्ये झेड२१ हा कोड आहे. एचआयव्हीमुळे आजार झाला असेल तरच ओ९८.७. अमेरिकेने आपल्यापुरती या यादीची विस्तारित आवृत्ती केली आहे. तिथे लक्षणे नसलेल्या गरोदर बाईलाही ओ९८.७ चा कोड पहिला लावतात आणि झेड२१ त्याच्या जोडीला. शिवाय पुढे आणखी आकडे जोडून संसर्ग कितव्या तिमाहीत होता, कळांच्या वेळी होता की नंतर, हेही लिहितात. सिफिलिस बाळंतपणाच्या वेळी असेल तर तिथला कोड ओ९८.१२, नंतरच्या दिवसांत असेल तर ओ९८.१३. अमेरिकी रुग्णालयांच्या कोडिंगचे बरेचसे काम भारतात होते आणि आपल्याकडची अनेक मुले-मुली ते करतात, त्यांच्या हाताखालून हे आकडे रोज जात असतील.

लेबर रूममध्ये सापडलेला संसर्ग उशिरा सापडलेला असतो, पण त्याचा अर्थ सगळे हातचे गेले असा नव्हे. हिपॅटायटिस-बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस दिली आणि शक्य असेल तिथे त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर बाळाला होणारी लागण बहुतांशी टळते. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाला लगेच औषध सुरू करता येते. सिफिलिसला पेनिसिलिन आहे. म्हणून आईची चाचणी झाली, खूण निघाली आणि कागदावर नीट उतरली, तर फायदा सर्वांत आधी बाळाला होतो.

चौकट: केस पेपर वाचताना
- ओ४१.१ : बाळाभोवतीच्या पाण्याला, पडद्यांना संसर्ग
- ओ७५.२ : कळांच्या वेळी ताप, कारण अनिश्चित
- ओ८५ : बाळंतपणानंतरचा सूतिकाज्वर (सेप्सिस)
- ओ८६.० : सिझरच्या किंवा इतर टाक्यांच्या जखमेचा संसर्ग
- ओ८६.४ : बाळंतपणानंतर कारण न कळलेला ताप
- ओ९१ : बाळंतपणाशी निगडित स्तनाचा संसर्ग
- ओ९८ : आईला आधीपासून असलेला संसर्ग, याच्या जोडीला नेमक्या रोगाचा दुसरा कोड

बाळाचा कागद वेगळा

‘ओ’ या गावात फक्त आई राहते. तिच्या कोडपैकी एकही बाळाच्या कागदावर जात नाही. बाळाचे गाव ‘पी’. आईच्या पाण्याला संसर्ग होऊन त्याचा बाळावर परिणाम झाला, तर बाळाला पी०२.७. बाळाच्या रक्तात संसर्ग पसरला तर पी३६. नाळेला झाला तर पी३८.

यात एक जागा फार जपून हाताळावी लागते. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाच्या रक्तात जन्मतःच आईची प्रतिपिंडे उतरलेली असतात आणि ती १८ महिन्यांपर्यंत टिकू शकतात. प्रतिपिंडे शोधणारी साधी चाचणी केली तर बाळ निरोगी असूनही होकारार्थी येऊ शकते. विषाणू स्वतः आहे का, हे पाहणारी वेगळी चाचणी लागते. तोपर्यंत बाळाचा निकाल अनिश्चित असेल, तर त्यासाठी आर७५ हा वेगळा कोड आहे. तो न वापरता कोणी घाईने बाळाला एचआयव्हीचा कोड लावला, तर निरोगी मूल कागदोपत्री रोगी होते आणि ती नोंद पुसणे सोपे नसते.

तीन रुग्णालये, एक बाळंतीण

धाम नदीच्या काठचे पवनार विनोबांच्या आश्रमामुळे देशाला माहीत आहे. वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या या गावाला मोठी रुग्णालये जवळ आहेत. वर्ध्याला जिल्हा सामान्य रुग्णालय. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय, जे १९४५ मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांनी सुरू झाले. डॉ. सुशीला नायर यांनी त्याला आकार दिला आणि १९६९ मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, देशातले ग्रामीण भागातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. सावंगीला विनोबांच्याच नावाचे ग्रामीण रुग्णालय. विदर्भातल्या दुर्गम पाड्यांना जे मिळत नाही ते इथे आहे, आणि त्याचे मोल मी कमी मानत नाही.

पण दवाखाने अनेक असले की नोंदीही विखुरतात. बाई एका ठिकाणी बाळंत होते, तिसऱ्या दिवशी घरी येते, माहेरी जाते, आणि दहाव्या दिवशी ताप चढल्यावर नातेवाईक तिला दुसऱ्याच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेतात. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञाऐवजी दुसरा डॉक्टर असू शकतो. बाई बेशुद्ध असेल, सोबतच्या दिराला किंवा भावाला नीट सांगता येत नसेल, आधीचे डिस्चार्ज कार्ड घरी राहिले असेल. कागदावर येते: ‘सेप्टिसीमिया, शॉक’. त्याचा कोड ए४१.९, कारण न कळलेला रक्तातला संसर्ग. हा कोड कोणालाही लागू शकतो, पन्नाशीच्या पुरुषालाही. दहा दिवसांपूर्वीचे बाळंतपण लिहिले असते तर तोच आजार ओ८५ झाला असता.

ती बाई दगावली, तर हा फरक फार मोठा होतो. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नमुना ४ भरतात, रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी ४अ. त्यात मृत्यूची कारणे साखळीने लिहायची असतात: लगेचचे कारण वर, आणि ज्याने सगळे सुरू झाले ते सर्वांत खाली. मोजणीत धरतात ते खालचे. म्हणून ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिले तर काहीच हाती लागत नाही, कारण हृदय प्रत्येकाचेच शेवटी बंद पडते. स्त्रीचा मृत्यू असेल तर तो गरोदरपणाशी संबंधित होता का आणि बाळंतपण झाले होते का, असा प्रश्नही या नमुन्यात आहे. तो रकाना रिकामा राहिला आणि साखळीत नुसते सेप्टिसीमिया असले, तर ती बाई माता म्हणून मोजली जात नाही.

मातामृत्यूची व्याख्या गरोदरपणात किंवा ते संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत झालेला मृत्यू अशी आहे. अपघातासारखी असंबंधित कारणे वगळून. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहे, तिच्यापेक्षा ही मुदत थोडीच मोठी. ४२ दिवसांनंतर आणि वर्षाच्या आत मृत्यू झाला तर त्याला ओ९६ हा वेगळा गट आहे. आणि एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: बाळंतिणीचा धनुर्वात ‘ओ’ मध्ये नाही, ए३४ मध्ये आहे, तरी तो मातामृत्यूच. फक्त ‘ओ’ चे कोड शोधणाऱ्याला तो दिसणारच नाही. भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याची खातरजमा २०१५ मध्ये झाली, त्यामुळे ए३४ आता क्वचित लागतो.

मातामृत्यू मोजताना जागतिक आरोग्य संघटना संसर्गांचे दोन ढीग करते. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे झालेला संसर्ग हे थेट कारण; आधीपासूनचा क्षयरोग, मलेरिया, एचआयव्ही हे अप्रत्यक्ष. २००३ ते २००९ या काळातल्या जगभरच्या मातामृत्यूंच्या विश्लेषणात सुमारे ११ टक्के मृत्यू सेप्सिसचे निघाले. २०१८-२० च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते, देशाचे ९७. प्रमाण इतके खाली आल्यावर जिल्ह्याच्या पातळीवर मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात, आणि मग एकेका कागदावर काय लिहिले आहे याचे वजन वाढते.

जे कागदावर आलेच नाही

रुग्णालयात न पोहोचलेल्या बाळंतिणींना कोड नसतो. त्यांचे काय होते, याचे विदर्भातले सर्वांत चांगले उत्तर गडचिरोलीतून आले. डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ संस्थेतल्या सहकाऱ्यांनी ३९ गावांतल्या, घरी बाळंत होणाऱ्या ७७२ बायांवर कळांपासून नंतरच्या दिवसांपर्यंत लक्ष ठेवले. गावातल्याच, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जाऊन पाहत, विचारत आणि लिहीत. २००४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक जणींना काही ना काही आजार झाला होता. १०.२ टक्के बाळंतिणींना जननमार्गाचा संसर्ग होता आणि १८.४ टक्के जणींना स्तनाच्या तक्रारी.

दहातल्या एकीला संसर्ग, आणि घरोघर न जाता नुसत्या रुग्णालयाच्या नोंदवहीतून तो दिसला नसता! मला हा अभ्यास आयसीडीइतकाच मोलाचा वाटतो. गावातल्या कार्यकर्तीला बाळंतपणानंतरच्या जननमार्गाच्या संसर्गाचा ओ८६.१ हा कोड माहीत असायची गरज नव्हती. ताप किती, स्रावाला वास आहे का, ओटीपोट दुखते का, एवढे तिने ठरल्या दिवशी जाऊन विचारले आणि लिहिले.

गडचिरोलीतल्या याच घरोघर भेटींच्या पद्धतीतून पुढे देशभर आशा कार्यकर्तीच्या नवजात बालकासाठीच्या गृहभेटी आल्या. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ती घरी येते. बाळाचे वजन घेते, ताप मोजते, आणि आईलाही विचारते: अंगावरून घाण वासाचे जाते का, ताप आहे का, स्तन दुखतात का. शेवटची भेट मातामृत्यूच्या व्याख्येतल्या शेवटच्या दिवशी येते.

कोड कोण वाचतो?

१ जानेवारी २०२२ पासून आयसीडी-११ अमलात आली आहे. तिच्यात दोन-तीन कोड तिरप्या रेषेने एकत्र बांधता येतात, म्हणजे आजार आईचा आहे हे आणि नेमका रोग एकाच ओळीत दिसतात. हे काम सोपे करणारे आहे. पण यादी जितकी नेमकी, तितकी ती उघडी. आज झेड२१ किंवा ओ९८.१ म्हणजे काय, हे डिस्चार्ज कार्ड हाती आलेला कोणीही मोबाइलवर दोन मिनिटांत पाहू शकतो. विम्याच्या दाव्याच्या अर्जातही आयसीडी-१० कोडचे रकाने असतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. मग ते कार्ड कोणाच्या हातात द्यायचे, हे बाळंतिणीला विचारूनच ठरवायला हवे. सासूच्या किंवा दिराच्या हाती कागद देऊन मोकळे होण्याची सवय इथे महाग पडते.

घरच्यांना मात्र एक काम निश्चित करता येते. बाळंतीण ४२ दिवसांच्या आत कोणत्याही दवाखान्यात तापासाठी गेली, तर तोंडी पहिले वाक्य हेच हवे की ती अमुक तारखेला बाळंत झाली आहे. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड आणि डिस्चार्ज कार्ड न्यावे. बाळंतपण कुठे झाले, साधे की सिझर, पाणमोट किती वाजता फुटली होती, ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, वार पूर्ण पडली होती का, हे पाच मुद्दे कार्डाच्या मागे लिहून ठेवले तरी चालतील. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला उपचारासाठी हेच लागते, आणि रेकॉर्ड विभागाला योग्य कोडसाठीही.